वीतभर वायर

देवगाव फाटा, ता. सेलू
२० नोव्हेंबर १९९३

आश्रुबा,

वर काय लिहावं याच विचारात एक कागद वाया गेला. पंधरा वर्षांनी पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून सरळ नावानंच हाक मारतो. मी रंगनाथ. फाट्यावरच्या पत्र्याच्या गॅरेजातला, तुझा एके काळचा अर्धा भागीदार.

पत्ता मुंजाजी कंडक्टरनं दिला. औरंगाबादेत तू हेडमिस्त्री झालास असं तो सांगत होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. गाडीच्या खालचं सगळं तुझं आणि वरचं सगळं माझं, ही आपली वाटणी होती. मी पत्रा ठोकायचो, पंक्चर काढायचो आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचो. गिअरबॉक्स, क्लच ही खरी डोक्याची कामं तू पाठीवर झोपून करायचास. गिऱ्हाईक मात्र जाताना मलाच 'उस्ताद' म्हणायचं.

आता काम सांगतो. भगवानरावांची ती मिलिटरीच्या लिलावातली जीप तुला आठवत असेल. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, बिनदाराची. ती आता माझ्याकडं आहे. तिच्यावर पुष्कळ वर्षं गेली, पण काळ्या मातीच्या रस्त्याला आजही तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. मात्र दोन खोडी आहेत. उताराला लागली की दुसरा गिअर आपोआप निसटतो. आणि क्लच सोडायला घेतला की हिवताप आल्यासारखी थडथड उडते, आतल्या माणसाचे दात वाजतात. दोन वेळा प्लेट बदलली तरी फरक नाही.

ही जीप मला लवकर धड करायची आहे आणि त्याला कारण आहे. तुझी मावशी दगडाबाई गेला महिनाभर अंथरुणावर आहे. मी परवा गावात गेलो होतो, तर मला जवळ बसवून म्हणाली, "रंगनाथा, माजं काई खरं न्हाई आता. चांगुणेला एकदा आणून दाखव. बहीण बहिणीला बघंल, दुसरं काय." तुझ्या चांगुणामायलाही यायचं आहे, पण तिला चालता येत नाही, हे मुंजाजीनंच सांगितलं. गावात अजून येष्टी जात नाही. फाट्यापासून पुढं दोन कोस रस्ता कसा आहे हे तुला मी काय सांगू.

तर जीपचं दुखणं काय असेल ते कळव. मी औरंगाबादेपर्यंत घ्यायला येतो. त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. तेव्हा क्लचची वायर तुटलेली होती, हे तुला माहीतच आहे.

रंगनाथ

४ डिसेंबर १९९३

आश्रुबा,

तुझं कार्ड आलं. वर नाव नाही, खाली नाव नाही. "दोन दुखणी एकत्र करू नको. आधी दुसरा गिअर. वरचं झाकण काढ. दांड्याच्या दोन स्प्रिंगा असतील, त्या बघ. क्लचचं नंतर." एवढंच. पण अक्षर ओळखलं. तू अजून 'ग' असा काढतोस की तो 'म' वाटावा. मी "मिअर" वाचून पाच मिनिटं डोकं खाजवलं.

झाकण काढलं. आपला नियम मोडला नाही. पोतं अंथरलं, निघेल तो भाग निघेल त्या ओळीनं ठेवला आणि पोत्याला कुणाला पाय लावू दिला नाही. एक स्प्रिंग साबूत निघाली. दुसरीचे दोन तुकडे, गाळात निजलेले. नवी टाकली. काल ओढ्याच्या उतारावर दुसऱ्या गिअरात सोडून दिली, निसटला नाही. मी एकटाच गाडीत जोरात ओरडलो. बांधावरचं माणूस बघायला लागलं.

थडथड मात्र आहे तशीच आहे. क्लच प्लेट चांगली आहे, तेल लागलेलं नाही. इंजिनाखालची रबरं गेल्याच वर्षी नवी टाकली. तुला एकदम सगळं सांगावं म्हणजे कार्डांचे हेलपाटे वाचतील.

तू विचारलं नाहीस, पण लिहितो. त्या ऑगस्टात भगवानरावांचा मला सक्त निरोप होता की दुकानात लावलेली जीप कुणाला द्यायची नाही. मी तरी काय करणार होतो? दुकान त्यांच्या जागेत, वायर तुटलेली, वरून त्यांचा हुकूम. ते दोन वर्षांपूर्वी वारले. असो.

दगडाबाई आता नुसत्या पेजेवर आहे. तिची सून म्हणाली, दारात गाडीचा आवाज झाला की मान वळवते. मायबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. निदान ती काय म्हणते ते तरी कळव.

रंगनाथ

१९ डिसेंबर १९९३

आश्रुबा,

"हँडब्रेक ओढ. पहिला गिअर टाक. पेडल दुसऱ्याला हळूहळू सोडायला सांग. तू इंजिनाकडं बघ. सरकतं का? कुठं? किती?"

मायचं नाव याही कार्डावर नाही. ठीक आहे. तू विचारशील तेवढ्याचं उत्तर देतो.

पेडल सोडायला सुमनला बसवलं. माझ्या बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा गाडीचं चाक धरलं. पदर खोचून बसली आणि मलाच दम देऊ लागली, "मदी उभं राहू नका, बाजूला व्हा. मला काई भरवसा न्हाई." तिनं पेडल सोडायला घेतलं आणि मी बघतो तर अख्खं इंजिन पुढं आलं. चांगलं दोन बोटं. पंखा रेडिएटरला घासता घासता राहिला. पुन्हा दाबलं की मागं जातं, सोडलं की पुढं येतं. एवढ्या वर्षांत मी बॉनेट शंभरदा उघडलं असेल, पण हे पाहिलं नव्हतं. इंजिन चालू असताना पेडल कुणी सोडतंय आणि मी समोर उभा आहे, असं कधी घडलंच नाही. पेडलवर मीच असायचो.

म्हणजे प्लेट बिचारी निर्दोष होती. इंजिनच जागेवर थांबत नाही, तर प्लेटनं पकडायचं तरी कुणाला?

पंख्यामागं वाकलेलो असताना सुमननं वरून विचारलं, "आश्रुभाऊजी आले त्या दिवशी ही गाडी अशीच थडथडत व्हती का?" मी म्हणालो, त्या दिवशी तिची क्लचची वायर तुटली होती, ती जागची हललीच नसती. ती म्हणाली, "मंग दोन दिवसांनी भगवानरावाचा डायवर घेऊन गेला ती कुणाची जीप?" मी तिला चहा टाकायला पाठवलं.

आणखी एक. रबरं नवी असताना इंजिन का सरकतं? मी टॉर्च घेऊन गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचापाशी पाहिलं. एका बाजूला भोक आहे, मागच्या आडव्या पट्टीलाही भोक आहे, दोन्ही रिकामी. कंपनीनंच मोकळी ठेवली असतील. तुला काय वाटतं?

रंगनाथ

२ जानेवारी १९९४

आश्रुबा,

तुझं कार्ड खिशात घालून आठ दिवस हिंडतोय. घामानं शाई उतरली, पण आता ते मला पाठ आहे. "कंपनी भोकं मोकळी ठेवत नाही. त्या दोन भोकांत वीतभर वायर असते, दोन्ही टोकांना नट. ती इंजिनाला मागं धरते. क्लचच्या वायरीच्या शेजारीच असते. ती आपोआप पडत नाही. कुणीतरी पाना लावून काढली. कुठं आहे ते बघ."

बघायची गरज नाही. कुठं आहे ते मला माहीत आहे. मागच्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी, चिंध्यात गुंडाळलेली. जीप माझ्या दारात आली तेव्हापासून ती तिच्यातच फिरते आहे. फेकायला दोनदा विहिरीपर्यंत गेलो आणि परत आणली.

आता सगळं सांगतो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही.

त्या दिवशी सकाळपासून बातम्या येत होत्या. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि इकडं गावोगाव तुमच्या वस्त्या पेटवायला लागले. दुपारी मी दुकानात एकटा होतो. गावाकडच्या वाटेनं तुम्ही येताना दिसलात. तुझ्या पाठीवर माय होती, तापानं मान टाकलेली. सुलावहिनीच्या डोक्यावर बोचकं. तुम्ही लांब होतात. माणसाला चूल पेटवून चहा टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ माझ्याकडं होता. तू कशासाठी येतोयस ते मला कळलं होतं. मी पाना घेतला आणि जीपखाली शिरलो.

आयुष्यात पहिल्यांदा खाली शिरलो. खालचं सगळं तुझं. हाताला एक वायर लागली, तीच क्लचची असं समजून नट सोडले, ती काढली आणि खिशात कोंबली. बाहेर आलो तेव्हा तू दारात होतास. म्हणालास, "रंगा, जीप दे. सेलूच्या ठेसनापस्तोर. मीच चालवतो, उद्या मागं आणून लावतो." मी म्हणालो, "क्लचची वायर तुटली."

सरळ नाही का म्हणालो नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. नाही म्हणालो असतो तर तुझ्या नजरेतून उतरलो असतो. तुटलेल्या वायरीला कुणी नावं ठेवत नाही. मला तुला वाचवायचंही नव्हतं आणि तुझ्यासमोर वाईटही व्हायचं नव्हतं.

भगवानरावांचा हुकूम, निरोप, सगळं खोटं. ते त्या आठवड्यात हैद्राबादला होते. मला कुणीही काही सांगितलं नव्हतं. तुम्हाला त्या जीपमधून नेताना कुणी पाहिलं तर माझं पत्र्याचं दुकान पेटवतील, ही भीती माझी एकट्याची होती. नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी भगवानरावांचं नाव पुढं केलं. ते वारल्यावर तर फारच सोपं झालं.

दोन दिवसांनी त्यांचा ड्रायव्हर आला, बसला, किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि जीप घेऊन गेला. थडथडत गेली, पण गेली. मी रस्त्यात उभा राहिलो. तेव्हा मला कळलं की मी भलतीच वायर काढली होती. जीप त्या दुपारी चालत होती. तुम्हाला सेलूपर्यंत नेऊ शकत होती. तुम्ही पाच कोस चालत गेलात, वाटेतल्या एका ओढ्यात तुझा पाय घसरला, माय पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हे मुंजाजीनं मला सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडून तिकीट घेत होतो. उतरायचं गाव निघून गेलं.

थडथडीला कंटाळून भगवानरावांनी जीप माझ्या दारात सोडून दिली. ती माझी झाली तीही अशी.

आता एक विचारतो. तू दारात होतास, मी वायर तुटली म्हणालो. तू जीपपाशी गेलास, बाहेरूनच आत वाकलास आणि हातानं पेडल दाबून सोडलंस. मग हात धोतराला पुसला आणि म्हणालास, "बरं." आणि मायला पुन्हा पाठीवर घेतलंस. पंधरा वर्षं मला वाटायचं, तू सवयीनं दाबलंस. काल मी स्वतः क्लचची खरी वायर सोडली आणि हातानं पेडल दाबून पाहिलं. ते नुसतं लोळतं. त्यात जीव नसतो. त्या दिवशी ते तुझ्या हाताला उलटून आलं असणार.

तुला तेव्हाच कळलं होतं. मग तू मला बाजूला ढकलून जीप का नेली नाहीस? आणि आता एवढी कार्डं का लिहिलीस? पहिल्याच कार्डावर 'वायर परत लाव' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

सुमनला सगळं सांगितलं. आज ती म्हणाली, "वायर लावा अगुदर. रडायचं मागून."

रंगनाथ

१६ जानेवारी १९९४

आश्रुबा, सुलावहिनी, आणि माय,

तुमचं पत्र परवा मिळालं, चौदा तारखेला. या वेळी कार्ड नाही, पाकीट. आत दोघांची अक्षरं.

पोस्टमन पाकीट देऊन गेला आणि पाठोपाठ हॉटेलातल्या रेडिओवर बातमी आली की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं. फाट्यावर आधी सगळं गप्प. मग गावाकडून फटाके ऐकू आले. सेलूकडून पोलिसांची एक गाडी आली आणि झाडाखाली उभी राहिली. खरं सांगतो, माझा हात पहिल्यांदा दुकानाच्या दाराकडं गेला, बंद करायला. पंधरा वर्षांत हाताची सवय गेली नाही. मग मी दार होतं त्यापेक्षा जास्त उघडलं, बाहेर स्टूल टाकलं आणि त्यावर बसून तुमचं पत्र वाचलं. काही झालं नाही. दिवस मावळेपर्यंत बसलो होतो.

तुझं अक्षर वाचलं. "पेडल दाबलं तवाच कळलं. पण तुज्या हातात पाना व्हता. नऊ वर्सं तुज्यासंगं एका ताटात जेवलो. तू वायर खोटी सांगतोस हे कळलं, पण मी जिपीत बसलो तर तू पाना मारशील का न्हाई, ते कळंना. माय पाठीवर व्हती. म्हनून गेलो. कार्डं याच्यासाठी लिहिली की तू सोताच्या हातापस्तोर जाऊन पोचतोस का ते बघायचं व्हतं. गाडीचं दुखणं ज्यानं त्यानं हात घालून शोधावं लागतं."

आश्रुबा, पाना माझ्या हातात होता हे मला आठवतच नव्हतं. जीपखालून निघालो तसाच उभा होतो. तुला मारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं, हे मी आता लिहिलं तरी त्याला काय किंमत आहे? तुझ्यासमोर हातात पाना धरून एक माणूस उभा होता आणि तो खोटं बोलत होता. नऊ वर्षांत तुला माझा अंदाज बांधता यायला हवा होता आणि तो आला नाही, यात चूक तुझी नाही. खोटं बोललो याची मला रोज लाज वाटायची. तुला माझी भीती वाटली होती हे परवा कळलं. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही.

खालचं अक्षर वहिनींचं. "भाऊजी, आमी तीस तारखेला येणार हाओत, रविवारी, सकाळच्या येष्टीनं फाट्यावर उतरू. औरंगाबादला घ्यायला येऊ नका. मावशीसाठी येतोय, तुमच्यासाठी न्हाई. आत्याबाईला तुमच्या जिपीत बसवायचं न्हाई असं मीच म्हनलं व्हतं. त्या म्हनल्या, फाट्यावर गेल्यावर बघू. तवा मी अजून काई ठरवलं न्हाई."

वहिनी, तुम्ही ठरवू नका. तिथं येऊन ठरवा. मी सगळं मांडून ठेवतो.

वायर लावली. चिंध्या सोडल्या तेव्हा गंज नव्हता, ग्रीस तसंच होतं. मी जीपखाली झोपलो, सुमन टॉर्च धरून होती. दोन्ही नट आवळले, इंजिन फार ताणलं जाऊ नये म्हणून अर्धा फेरा मागं सोडला. मग ती चाकावर बसली, मी पंख्यासमोर. तिनं पेडल सोडलं. इंजिन जागचं हललं नाही. गाडीनं नुसता पुढं जायचा कल दाखवला, शहाण्या बैलासारखा. चार वेळा केलं. काल ओढ्यातून गावापर्यंत नेऊन आणली. मावशीच्या दारात थांबवली तेव्हा तिनं मान वळवली आणि माझ्या मागं कोण आहे ते बघत राहिली. मी म्हणालो, तीस तारखेला. तिनं बोटं मोजली.

तीस तारखेला असं करतो. गावातल्या सरजाबाईच्या लेकाची बैलगाडी सांगून ठेवली आहे. तिच्यात कडबा आणि वर गादी टाकून ती फाट्यावर उभी राहील. जीप तिच्या शेजारी राहील, बॉनेट उघडं, किल्ली लावलेली. चालवायची झाली तर आश्रुबा चालवेल. पाने, हातोडी, सगळी हत्यारं दुकानात कुलपात राहतील आणि कुलपाची किल्ली सुमनच्या कमरेला. मी समोरच्या चहाच्या हॉटेलापाशी उभा राहीन, रस्त्याच्या पलीकडं, दोन्ही हात रिकामे. तुम्ही हाक मारली तर येईन. नाही मारली तर तिथंच उभा राहीन आणि बैलगाडी गेलेली बघेन. त्यात मला काही वावगं वाटणार नाही.

एवढंच मागतो. आश्रुबा, गाडीत बसायच्या आधी तू बाहेरूनच आत वाक आणि पेडल हातानं दाबून बघ. गाडी कशी आहे ते मी सांगणार नाही.

रंगनाथ